आधी कोणाचे पैसे?
छोट्या उद्योगांच्या नीतीविषयी : प्रस्तावना

१८५९ च्या जानेवारीत भोर घाटात रेल्वेच्या कामावरचे मजूर बिथरले. दंगल झाली आणि तीत एक युरोपीय माणूस मारला गेला. कारण शोधायला फार खोल जावं लागलं नाही. मजुरी थकली होती.

घाटाचं कंत्राट विल्यम फॅविएल या इंग्रज ठेकेदाराकडे होतं. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे ज्यांनी बांधली त्यांतलाच हा एक, म्हणजे कामात कच्चा माणूस नव्हे. पण त्याच्या हाताखाली पोटठेकेदार होते, पोटठेकेदारांच्या हाताखाली मुकादम, आणि मुकादमांच्या हाताखाली सुरुंग लावणारे, माती उपसणारे, डोक्यावर दगड वाहणारे हजारो स्त्री-पुरुष. पैसा वरून निघायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा थांबायचा. शेवटच्या माणसापर्यंत तो कधी उशिरा पोहोचे, कधी कमी होऊन. दंगलीनंतर चौकशी झाली आणि मार्चमध्ये फॅविएलने कंत्राट सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरल्यावर काही दिवसांतच वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट स्वतःच्या नावावर घेऊन माणसं नेमून काम तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचं उद्घाटन झालं. २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि सुमारे १,८३१ फुटांची चढण. ऐन भरात कामावर ४० हजारांहून जास्त माणसं होती. पटकी आणि अपघातांनी किती गेली, याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. बोगद्यांचा मात्र चोख ठेवला.

या घाटाचा पायथा म्हणजे पळसदरी. कर्जत सोडलं की खोपोलीच्या लोकलचा हा पहिला थांबा. इथे रूळ फुटतात. एक फाटा केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला जातो आणि मुख्य मार्ग जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिलकडे चढू लागतो. बाहेरचे लोक इथे उतरतात ते स्वामी समर्थांच्या मठासाठी, नाहीतर पावसाळ्यात तलाव आणि धबधब्यासाठी. छोट्या उद्योजकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत या गावाला आणण्याचं कारण एवढंच की, उद्योगातल्या नीतीचा जो प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो, तो इथल्या डोंगरात १८५९ साली उघड्यावर आला होता. पैसे द्यायचे आहेत हे सगळ्यांना मान्य होतं. कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, यावर माणूस मेला.

सामाजिक जबाबदारी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येते ती वर्गणी. गणपतीची, नवरात्राची, पालखीची, मठातल्या भंडाऱ्याची, शाळेच्या छपराची. कर्जत-खालापुरातला छोटा उद्योजक या बाबतीत कंजूष आहे असं कोणी म्हणणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा चौक गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत मदतीचा ओघ लागला होता. दानत आहे, आणि ती खरी आहे. पण दान हा उद्योगाच्या नीतीचा सोपा भाग आहे. तो आपल्या सवडीने करता येतो, त्याची पावती मिळते, फलकावर नाव लागतं. ज्याचं देणं आहे त्याला ते वेळेवर देणं याचा फलक कुठेच लागत नाही.

कायद्यानेही या गैरसमजाला थोडा हातभार लावला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्याची पात्रता पाहा. मालमत्तेचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी. खोपोलीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडला किंवा कर्जतच्या भातगिरणीला यातलं काहीच लागू होत नाही. त्यामुळे दोन समजुती रुजल्या. मोठ्यांना वाटतं, दोन टक्के दिले की उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दल कोणी विचारू नये. छोट्यांना वाटतं, हा आपला विषयच नाही. माझ्या मते हा विषय आधी छोट्यांचा आहे. मोठ्या कंपनीत मालक आणि मजूर यांच्यामध्ये दहा खाती असतात. छोट्या उद्योगात मालक कामगाराला रोज सकाळी तोंडावर भेटतो, त्याच्या मुलीचं लग्न कधी आहे हे त्याला माहीत असतं, आणि तरीही ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं त्यालाच सांगावं लागतं.

महिन्याच्या सुरुवातीला कोणत्याही छोट्या मालकाच्या डोक्यात देण्यांची एक यादी असते. ती कागदावर लिहिलेली नसली तरी तिचा क्रम पक्का असतो. बँकेचा हप्ता पहिला, कारण चुकला की सिबिल बिघडतं. वीजबिल दुसरं, कारण वीज कापतात. मग जीएसटी, कारण दंड आणि व्याज लागतं. मग पोलाद किंवा रसायन पुरवणारा मोठा व्यापारी, कारण तो माल थांबवतो. त्यानंतर कुशल कारागीर, कारण तो सोडून शेजारच्या शेडमध्ये जाईल. मग साधा मजूर. मग टेंपोवाला. आणि अगदी तळाशी झाडलोट करणारी बाई, चहावाला, डोंगरावरून भाजी किंवा दूध आणून देणारी ठाकर आदिवासी बाई. म्हणजे जो आपलं जास्त वाकडं करू शकतो त्याचे पैसे आधी, आणि जो काहीच करू शकत नाही त्याचे सगळ्यांत शेवटी. यात कोणी मालक दुष्ट असावा लागत नाही. पैसा अपुरा पडला की क्रम आपोआप असाच लागतो, आणि तो आपोआप लागतो म्हणूनच त्याच्याकडे मुद्दाम पाहावं लागतं.

हा मालक स्वतःही कोणाच्या तरी यादीत तळाशी असतो, हे इथे लगेच सांगायला हवं. खोपोलीत लेथ टाकून बसलेला जॉबवर्कवाला घ्या. त्याने एखाद्या मोठ्या कारखान्याला एक लाखाचे सुटे भाग दिले. बिलावर १८ टक्के, म्हणजे १८ हजार जीएसटी. तो त्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारला भरावा लागतो, कारखान्याने पैसे दिले असोत वा नसोत. कारखान्याच्या खरेदी खात्यातला माणूस सांगतो, ‘माल क्वालिटीत अडकलाय’, पुढच्या वेळी ‘बिल पास व्हायचंय’, त्याच्या पुढच्या वेळी ‘साहेब सुट्टीवर आहेत’. खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला करातली वजावट परत करावी लागते, असा नियम आहे. पण १८० दिवस म्हणजे सहा महिने. तोपर्यंत लेथवाल्याने स्वतःचे १८ हजार सरकारजमा केलेले असतात आणि पगार हातउसने घेऊन भागवलेला असतो.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. दाद मागायला २०१७ साली ‘समाधान’ पोर्टल सुरू झालं. मग पुष्कळजण तक्रार का करत नाहीत? कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. ज्याच्याकडे दोनच गिऱ्हाईकं आहेत तो त्यांतल्या एकावर दावा लावत नाही. हे ओळखून २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ब मध्ये एक पोटकलम घातलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च म्हणून दाखवता येणार नाही. १५ वर्षांपेक्षा जास्त काळ व्याजाची धमकी जे करू शकली नाही ते या एका ओळीने थोडंफार केलं. २०२४ च्या मार्चअखेर अनेकांच्या खात्यात जुनी येणी अचानक जमा झाली. काही खरेदीदारांनी मात्र छोट्यांना सोडून नियमात न बसणाऱ्या पुरवठादारांकडे मोर्चा वळवला. आणि एक पळवाट कायद्यातच आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांची ‘उद्यम’ नोंदणी होते ती फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती, उशिराच्या पैशांबाबतचं संरक्षण त्यांना नाही. तेव्हा रिसॉर्टला किराणा पुरवणारा कर्जतचा दुकानदार या कवचाच्या बाहेरच आहे.

रिसॉर्टचा विषय निघालाच आहे तर थांबतो, कारण या दोन तालुक्यांचं रूप त्यानेच सगळ्यांत जास्त बदललं. द्रुतगती मार्ग आला, शेतघरं आली, पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम निघालं, तिकडे नवी मुंबईचा विमानतळ झाला. भाताच्या खाचरांच्या जागी पोहण्याचे तलाव आले. या धंद्याची एक गंमत आहे. मुंबईचा पाहुणा शनिवार-रविवारचे पैसे येण्याआधीच भरतो, बहुतेक वेळा पूर्ण. म्हणजे मालकाच्या हातात पैसा आधी येतो आणि खर्च नंतर होतो. लेथवाल्याची अडचण इथे नाहीच. तरीसुद्धा कोंबडी, अंडी, दूध, भाजी देणाऱ्यांना महिना-दोन महिने थांबवायची रीत या धंद्यात सर्रास दिसते. ज्याला वरूनच पैसे मिळाले नाहीत त्याच्या उशिराला मी मजबुरी म्हणेन. ज्याच्या खिशात पैसे पडून आहेत त्याच्या उशिराला दुसरं नाव आहे. तो आपला धंदा दूधवाल्याच्या भांडवलावर चालवतो आहे, आणि तेही बिनव्याजी.

आता उलट दिशेने जाऊ. आतापर्यंत उशिरा दिलेल्या पैशाचं बोललो. वेळेआधी दिलेला पैसा हा यापेक्षा अवघड प्रकार आहे. त्याला इकडे उचल म्हणतात.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या कातकरी आदिवासी कुटुंबांचं वर्ष दोन भागांत असतं. पावसाळ्यात घरी, थोडी शेती, थोडी मासेमारी, दुसऱ्यांच्या शेतांवर लावणी. दिवाळीच्या पुढेमागे वीटभट्टी, ती थेट पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत. भट्टी कधी जवळची, कधी दुसऱ्या जिल्ह्यातली. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, दवाखाना निघतो, लग्न ठरतं, आणि त्या वेळी मुकादम किंवा शेठ हातावर उचल ठेवतो. पैसा अगदी गरजेच्या वेळी मिळतो, म्हणून तो उपकारासारखा वाटतो. मग भट्टीवर नवरा-बायको जोडीने राबतात. दर हजार विटांवर ठरलेला. आठवड्याला खर्चापुरती खर्ची मिळते. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. तो शेठच्या वहीत असतो आणि वही वाचायला येणारा माणूस बहुतेक वेळा शेठच असतो. उचल, खर्ची, आजारपणाचे खाडे हे सगळं वजा जाता कधी चार पैसे हातात पडतात, कधी अंगावर बाकी राहते. बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जाणं आलं. मुलं शाळेतून नोव्हेंबरात उठतात ती जूनमध्येच परत येतात, काही येतही नाहीत.

उशिरा दिलेला पैसा माणसाला मोडतो, आधी दिलेला पैसा त्याला बांधतो. दोन्हीकडे रक्कम कदाचित बरोबरही असेल. गैर असते ती तारीख, आणि तारीख कोण ठरवतो ते.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचल देणं हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे जाण्याचं, बाजारभावाने मजुरी मागण्याचं स्वातंत्र्य हिरावलं, की तो गुन्हा होतो. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. भट्टीमालक यावर म्हणतील, ‘आम्ही जबरदस्ती करत नाही, तेच येतात उचल मागायला.’ खरं आहे, तेच येतात. पण कोणत्या महिन्यात येतात ते पाहायला हवं. भट्टीमालक हा काही टाटा-बिर्ला नव्हे, तोही बिल्डरच्या पुढच्या तारखेच्या चेकवर जगतो हे मला ठाऊक आहे. तरीही हिशेबाची एक प्रत जोडीच्या हातात देणं, दर पंधरा दिवसांनी विटा मोजून आकडा मोठ्याने वाचून दाखवणं, बाकी राहिली तरी पुढच्या वर्षी दुसरीकडे जायला मोकळं सोडणं, याला भांडवल लागत नाही. ज्या सुधारणेला पैसाच लागत नाही तीही जो करत नाही, त्याची गरिबीची सबब मी तरी ऐकून घेणार नाही.

गरजेला द्यावं पण माणूस बांधू नये, हा विचार कर्जत तालुक्याला नवा नाही. माथेरानला १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, लोकांना आठवतात ते आझाद दस्ता या त्यांच्या भूमिगत तुकडीसाठी, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्यासाठी आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर झालेल्या हौतात्म्यासाठी. त्याआधीचे कोतवाल कमी सांगितले जातात. वकिली शिकलेल्या या माणसाने कर्जतच्या खेड्यांत शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी सुरू केली. त्या वेळी आषाढ-श्रावणात घरातलं भात संपलं की सावकाराकडून दिढीने आणावं लागे. मणाला दीड मण, तेही चार महिन्यांत. कोठीने केलं ते इतकंच की भात गरजेच्या महिन्यात गरजवंताच्या हाती पडावं आणि त्याबदली त्याची मान अडकू नये. यात दान नव्हतं, घेतलेलं धान्य परत करायचंच होतं. मला छोट्या उद्योगाच्या नीतीचा याहून चांगला धडा या परिसरात दुसरा सापडलेला नाही. हुतात्म्याच्या पुतळ्याला हार घालताना तो बहुधा आठवत नाही.

देण्यांच्या यादीत नदीही येते. पाताळगंगेबद्दल थोडंच बोलतो, कारण तिच्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी जनित्रांवरून खाली येऊन पाताळगंगेत पडतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते, आणि वाहते म्हणूनच तिच्या काठी कारखाने आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली काढलेल्या महाराष्ट्रातल्या ५३ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगा होती. छोट्या कारखान्याला स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण परवडत नाही, म्हणून सामायिक केंद्रं निघाली. तिथवर टँकर नेण्याऐवजी पहिल्या मोठ्या पावसात नाल्यात सोडून देणं हेसुद्धा देणं टाळणंच आहे. फरक एवढाच की इथला घेणेकरी खालच्या गावात राहतो आणि बिल घेऊन दारात येत नाही.

पुढच्या पानांत नोंदणी, करार, वेतन, विमा, सांडपाणी, तक्रार निवारण असे सगळे विषय क्रमाने येतील. वाचकाला काही आकडे पाठ असावेत असं मला वाटतं. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, २५ आणि १०० कोटींपर्यंतचा लघु, १२५ आणि ५०० कोटींपर्यंतचा मध्यम. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, आणि काम सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पुरा करायचा. १८५९ च्या दंगलीनंतर सरकारने जो कायदा केला, १८६० चा नववा, त्याने मजुरीच्या तंट्यांचा झटपट निवाडा मॅजिस्ट्रेटकडे दिला खरा, पण काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगाची तरतूदही त्यातच होती. तिथून इथवर यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

मला एक आक्षेप दिसतो आणि तो रास्त आहे. पगारदार लेखकाला नीती सांगणं स्वस्त पडतं. पहिल्या तारखेला ज्याच्या खात्यात रक्कम आपोआप येते त्याने भट्टीवाल्याला, लेथवाल्याला शिकवू नये. म्हणून मी ‘सगळ्यांचे सगळे पैसे वेळेवर द्या’ असं म्हणत नाही. बाजार तंग असतो, चेक परततात, पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं आणि महिन्याचा धंदा बसतो. पैसे अपुरे असणं हा दोष नाही. अपुरे असताना ते कोणत्या क्रमाने वाटले, हे मात्र प्रत्येक वेळी मालकाच्याच हातात असतं. ‘वरून आले की देतो’ हे वाक्य घाटातल्या पोटठेकेदारांनीही वापरलं असणार, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही असेल.

वाचकाला माझी एवढीच विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी या महिन्याची देणी कागदावर लिहून काढा, मनातल्या क्रमानेच. मग यादीच्या तळाची तीन नावं पाहा. त्या तिघांची मिळून रक्कम बहुतेक वेळा बँकेच्या एका हप्त्याएवढीही भरत नाही. ती आज देऊन टाका आणि मग वाचायला बसा.